सोमवारी बेलाला कोण हात लावतंय

आमच्या केंद्रातल्या बेलाच्या प्लॉटवर अजून ड्रॅगनफ्रूटचे खांब उभे राहिलेले नाहीत, त्याचं कारण बंडप्पाकाका. आणि गेल्या श्रावणात ते खांब उभे राहायचेच बाकी होते, त्याचंही कारण बंडप्पाकाकाच. या माणसाबद्दल शांतपणे लिहायचं मी तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा कागद फाडला. आता जसं येईल तसं लिहिते.

केंद्र म्हणजे अणदूरच्या अलीकडं माळावरचं फळसंशोधन केंद्र. बंडप्पाकाका तिथले माळी, सव्वीस वर्षं रोजंदारीवर. उंच, वाळकं अंग, डोक्याला पांढरा रुमाल, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी आणि डबीत त्यांचं इष्टलिंग. रोज सकाळी अंघोळ करून ते लिंग तळहातावर घेणार, बेलाचं पान वाहणार, मगच चहा. आणि मी वृषाली, करारावरची संशोधन सहायक. म्हणजे दर अकरा महिन्यांनी माझी नोकरी जाते आणि चार दिवसांनी परत मिळते. नळदुर्गहून स्कूटीवर येते.

काकांच्या तोंडात एक कानडी शब्द कायमचा बसलाय, 'आयतु'. म्हणजे झालं. पण कुठलंही काम सांगा, उत्तर 'आयतु'. काम झालंय, होईल, होणार नाही, का ऐकूच आलेलं नाही, यातलं काय ते आपण शोधायचं. सात वर्षं मी विचारतेय, "काका, आयतु म्हणजे झालं की होईल?" आणि ते म्हणतात, "व्हय."

बेलफळ कधी फोडलंय का? दगड लागतो. आत साठ-सत्तर बिया, आणि प्रत्येक बीभोवती डिंकासारखा चिकटा. गर चांगला असतो हो, सरबत तर फारच छान होतं, पण तिथपर्यंत पोचता पोचता माणूस कावतो. म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही प्रयोग सुरू केला. बेलाच्या डोळे असलेल्या, म्हणजे कोंब फुटायच्या जागा असलेल्या, काड्या एका रसायनाच्या पाण्यात सहा तास बुडवायच्या, मग वाहत्या पाण्यात धुऊन त्यांचे डोळे साध्या बेलाच्या रोपांवर, म्हणजे खुंटरोपांवर, भरायचे. रसायनाचं नाव इथिल मिथेन सल्फोनेट. ते झाडाच्या पेशीत शिरून आनुवंशिक मजकुरातलं एखादं अक्षर बदलून टाकतं. कुठलं अक्षर, ते आपल्या हातात नसतं. बहुतेक डोळे मरतात, काही वेडेवाकडे वाढतात, आणि नशीब असेल तर एखादा कामाचा निघतो.

काकांना हे समजावताना माझा घसा बसला होता. रबरी हातमोजे घालून ते काड्या बुडवत होते आणि मला विचारत होते, "पर म्याडम, त्येला रोग काय झालाय, औषध द्यायला?"

"काका, औषध नाही ते. विष आहे. मरता मरता वाचेल एवढंच विष द्यायचंय."

"चांगल्या झाडाला?"

"हो."

"आयतु," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गावाला सांगत सुटले की वृषालीबाई बेलाला औषध देतात.

दोनशे चाळीस डोळे भरले, ब्याण्णव झाडं जगली. चार वर्षं मी पट्टी घेऊन पानं, काटे, खोडं मोजत होते आणि वहीत काही म्हणजे काही वेगळं येत नव्हतं. मग एका सकाळी काका आले, हातात एक पान. बेलाला तीन पानं असतात हे पोरंसोरंही सांगतील. याला पाच होती.

"एक्केचाळीस नंबरच्या झाडाला हायत. पर सगळ्या झाडाला न्हाय, तिसऱ्याच फांदीला."

मी उडालेच. बदल झाला तर तो अख्ख्या झाडात होईलच असं नसतं, एखाद्याच फांदीत उतरतो, बाकीचं झाड जुनंच राहतं. म्हणजे ही तीच फांदी! मी विचारलं, "कधी दिसलं तुम्हाला?"

"झालं की आठ म्हैने. रोज तिथलंच वाहतोय."

आठ महिने! मी भर उन्हात पट्टी धरून झाडं मोजतेय आणि हा माणूस माझा निष्कर्ष रोज सकाळी खुडून देवाला वाहतोय. मी त्या दिवशी डबा खाल्ला नाही, इतका राग आला होता. काका संध्याकाळी म्हणाले, "तुमी इचारलं न्हाय."

पुढच्या उन्हाळ्यात त्या फांदीला दोन फळं आली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात चार. कवच अंगठ्यानं दाबलं की फुटायचं. बिया अकरा, चिकटा नावाला. मी एक फळ काकांना दिलं. त्यांनी ते तिथंच उभ्यानं खाल्लं, बिया हातावर मोजल्या आणि पहिल्यांदाच 'आयतु' म्हणाले नाहीत. डोळे पुसत पाण्याचा पाइप बदलायला निघून गेले.

आता खरं तर त्याच वेळी त्या फांदीचे डोळे काढून दहा-वीस कलमं बांधायला हवी होती, कारण ती फांदी गेली की सगळंच गेलं. पण आमचे सर, म्हणजे केंद्राचे प्रमुख, महिन्यातून दोनदा गाडीतून उतरतात. ते म्हणाले, दुसऱ्या वर्षाच्या फळांचा तपासणी अहवाल आल्याशिवाय फांदीला हात लावायचा नाही. अहवाल आला जुलैच्या मध्यावर. त्याच टपालात दुसरं पत्र: सप्टेंबरअखेर समिती येईल, निवडलेल्या फांदीचं एक तरी जिवंत कलम दाखवावं, नाहीतर बेलाचा प्लॉट काढून तिथं ड्रॅगनफ्रूट लावण्यात येईल. म्हटलं, लगेच डोळे भरते. तर सर म्हणाले, "मंगळवारी करा. मी येतो. फोटो काढू."

मंगळवार म्हणजे पहिल्या श्रावणी सोमवारचा दुसरा दिवस. पाच पानांच्या बेलाची बातमी आजूबाजूच्या वाड्यांमध्ये गेलेलीच होती, आणि असा बेल महादेवाला वाहायला मिळाला तर सोडणार कोण? फाटकाला नवं कुलूप घेतलं, एक किल्ली माझ्याकडं, एक काकांकडं. फांदीला ॲल्युमिनियमची पट्टी बांधली आणि तिच्यावर खिळ्यानं कोरलं: '४१/३ तोडू नये.'

"काका, सोमवारी कुणालाही आत सोडायचं नाही."

"सोमवारी बेलाला कोण हात लावतंय, म्याडम?"

"लावतील! सगळे लावतील! तुम्ही लक्ष ठेवायचं."

"अवो, सोमवारी कोण हात लावतंय?"

असं आमचं चार दिवसांत चार वेळा झालं. मला वाटलं, टाळताहेत. मला वाटलं, सव्वीस वर्षांत माणूस निबर झालाय. शेवटी मी म्हटलं, तुम्ही नका येऊ, मी स्वतः बसते.

सोमवारी सहाला फाटकात खुर्ची टाकून बसले. हातात काठी. साडेसात झाले, नऊ झाले, बायाबापड्या रस्त्यानं हातात पूजेची ताटं घेऊन देवळाकडं चाललेल्या, माझ्याकडं बघून हसत होत्या, आत यायचं कुणी नावच घेईना. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. दहाला उठले आणि प्लॉटच्या मागच्या टोकाला एक्केचाळीस नंबरकडं गेले.

तिसरी फांदी नव्हती. मोडल्या जागी पांढरं लाकूड दिसत होतं आणि तेही सुकायला लागलेलं. चार तास मी रिकाम्या झाडाची राखण केली होती.

स्कूटी कशी चालवली ते आठवत नाही. काकांच्या दारात पोचले तेव्हा त्यांची बायको चन्नम्माकाकू अंगणात भांडी घासत होत्या. "हळू," त्या म्हणाल्या, "पूजेला बसलेत. शनिवारपासनं ताप हाय त्येंला, आज उशीर झाला." दारातून दिसत होतं. काका घोंगडीवर बसलेले, डोळे मिटलेले, डावा हात छातीसमोर, तळहातावर लिंग आणि लिंगावर एक पान. पाचाचं.

आता काय करता? आमच्या घरात देव नाहीत, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. पण पूजेला बसलेल्या माणसाला हटकू नये एवढं आईनं शिकवलंय. काकूंनी चहा दिला. मी तो गिळला. वीस मिनिटं त्या उंबऱ्याशी उभी राहिले, आणि त्या वीस मिनिटांत मी काकांना मनात जे जे बोलले ते छापता येणार नाही.

त्यांनी डोळे उघडले आणि मी सुटलेच. "काका, चारदा सांगितलं होतं तुम्हाला! सोमवार, सोमवार, सोमवार!"

"आन म्या बी चारदा सांगितलं. सोमवारी बेलाला कोण हात लावतंय?"

"म्हणजे काय?"

उत्तर काकूंनी दिलं. "सोमवारी बेल तोडत न्हाईत, बाई. रविवारीच तोडून ठिवायचा. ह्ये ल्हान लेकराला बी ठावं हाय."

"मला नव्हतं ठाऊक."

"अवो, ह्ये काय सांगायची गोष्ट हाय व्हय?" काका म्हणाले.

"मला कोण सांगणार होतं काका? आमच्या घरी कुणी? तुमच्या देवळाच्या पायरीवर आमच्या आज्याला उभं करत नव्हते, आणि तुम्ही धरून चालता की तिथलं सगळं मला पाठ आहे!"

हे मी बोलले आणि माझंच मला वाईट वाटलं, पण खोटं नव्हतं. एकदम काकांचं लक्ष हातातल्या पानाकडं गेलं. पान उलटसुलट केलं. "चन्ने," त्यांनी हाक मारली, "ह्ये कुठनं आणलंस? किल्ली दिली तवा म्या पाचच पानं आण म्हनलं हुतं."

"काट्यात हात घालून पानं कोण खुडत बसतंय? डहाळीच मोडली," काकू म्हणाल्या. "एक पान तुमाला ठिवलं, बाकीची डहाळी देवळात दिली. कालच टोपलीत घातली गुरुसिद्धप्पा पुजाऱ्याच्या."

"अगं, ती फांदी..."

"पट्टी वाचायला मला येतंय व्हय? सांगितलं का कदी, ती फांदी कशाची हाय ते? सहा वर्सं झाली. नुसतं बेल, बेल. इचारलं तर आयतु!"

मी काकूंच्या पाया पडायचीच बाकी होते. काका उठले, रुमाल न बांधता, तसेच बोडके, तापानं अंग भाजत असलेले, आणि माझ्या स्कूटीवर मागं बसले.

देवळात ही रांग. काका लोकांना बाजूला सारत आत शिरले. मी बाहेर थांबले, भिंतीशी. आतून पुजारी गुरुसिद्धप्पांचा आवाज येत होता, "वाहिलेलं परत मागतोस, बंडप्पा? तुला ताप डोक्यात गेलाय काय?" आणि काकांचा, "धुतला की बेल परत वाहता येतोय, ह्ये तुमीच सांगता की!" असा त्यांचा शास्त्रार्थ सुरू झाला. म्हटलं, आता हा सप्टेंबरपर्यंत चालणार. मी चिडून देवळाच्या मागं चालत गेले.

तिथं अभिषेकाचं पाणी दगडी गोमुखातून बाहेर पडतं आणि पन्हळीतून वाहत जातं. पाण्याबरोबर लोटलेला बेल येत होता, फुलं येत होती. त्यात काहीतरी चमकलं. पन्हळीच्या पलीकडच्या काठाला अडकलेल्या पाल्यात. मी सरळ पन्हळ ओलांडली.

"अगं बया! ओलांडू न्हाय ती!" चार बायका एकदम ओरडल्या. "महादेवाचं पाणी हाय!"

ओलांडून झाली होती. मी गुडघ्यावर बसून ओल्या पाल्यात हात घातला आणि पट्टी ओढली. माझ्याच अक्षरात: '४१/३ तोडू नये.' पट्टीबरोबर काडी आली. पानं सगळी वाहून झाली होती, पण काडी हिरवी होती, सकाळपासून पाण्याखाली राहिल्यामुळं टवटवीत. मी डोळे मोजले. सात. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्या बायका माझ्याकडं वेडी झाली म्हणून बघत होत्या. आत शास्त्रार्थ चालूच होता. मी तिथूनच ओरडले, "काका, सापडली! या बाहेर!" गुरुसिद्धप्पा दारातून डोकावले, काडी बघितली, हात झटकला. "एवढ्यासाठी होय? नेऊ दे. काडीचं आमाला काय करायचंय?"

आता वाटलं, संपलं. छे! रोपवाटिकेत सात खुंटरोपं मांडली, बांधायच्या पट्ट्या कापल्या, चाकू पाजळला. काका समोर बसले. चाकू हातात घेतला आणि तसेच बसून राहिले.

"काय झालं?"

"आज सोमवार."

"काका!"

"सोमवारी बेलाला लोखंड न्हाय लावत म्या. जलमात लावलं न्हाय."

उद्यापर्यंत ते डोळे सुकून गेले असते. त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी समजावलं, हात जोडले, ओरडले. सहा वर्षांचं काम, समिती, ड्रॅगनफ्रूट, सगळं सांगितलं. शेवटी मी म्हटलं, "द्या तो चाकू," आणि काढून घेतला. माझा हात कसा आहे ते मला माहीत आहे. मी भरलेल्या दहा डोळ्यांतले दोन जगतात, काकांचे नऊ. पहिलाच डोळा उचलताना माझा चाकू घसरला आणि डोळा मधोमध चिरला.

सहा राहिले. मला काडी दिसेनाशी झाली, इतकं पाणी आलं डोळ्यांत.

"थांबा," काका म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, कानडीत काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "सोमवारी तोडू न्हाय म्हणत्यात. जोडू न्हाय, असं कुणी म्हनलेलं न्हाय," आणि चाकू मागितला.

एवढंच होतं, तर माझा एक डोळा फुकट का घालवला? पण मी चाकू दिला. ताप अंगात असतानाच ते कामाला लागले. साल चौकोनी उचलायची, तेवढ्याच मापाचा डोळा बसवायचा, पट्टी गुंडाळायची. सहाच्या सहा अर्ध्या तासात. मग काका तिथंच पोत्यावर आडवे झाले आणि मी डॉक्टर आणायला गेले.

मंगळवारी सर आले. फांदी नाही म्हटल्यावर पाच मिनिटं ओरडले, मग म्हणाले, "फोटोचं काय?" आणि दुसऱ्याच एका झाडाची फांदी धरून हसत उभे राहिले. तो फोटो छापून आलाय.

एकवीस दिवसांनी पट्ट्या सोडल्या. चार डोळे काळे पडलेले, दोन हिरवे. दोन्हींतून कोंब आले. एकाचा कोंब लिंबू-संत्र्यावर पडणाऱ्या अळीनं एका दिवसात फस्त केला. राहिला एक. काका आता सकाळ-संध्याकाळ त्या कोंबाच्या पानापानाखाली बोट फिरवून अंडी शोधायचे. पहिलं पान उघडलं: तीन. दुसरं उघडलं: तीन. मी वही बंद केली. "काका, बदललेला भाग या डोळ्यात आलाच नाही बहुतेक. साधा बेल आहे हा."

"आयतु," ते म्हणाले आणि कुंडी सावलीतून काढून उन्हात ठेवली.

समिती येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी तिसरं पान अजून मिटलेलंच होतं. रात्री मला झोप नाही. सकाळी सातला पोचले, तर रोपवाटिकेत काका कुंडीसमोर बसलेले. अंघोळ केलेली, भस्म लावलेलं, गळ्यातली डबी उघडी. पूजा चाललेली. इथं पूजा करतात म्हणजे पान इथलंच खुडलं असणार. आज, आजच्या दिवशीसुद्धा! मी धावले, तोंड उघडलं होतं ओरडायला.

पान खुडलेलं नव्हतं. कोंब वीतभरसुद्धा नव्हता, म्हणून काका कंबरेत वाकून, कोपर मातीला टेकवून बसले होते, आणि लिंग घेतलेला तळहात त्यांनी त्या पानाच्या खाली धरला होता. पान झाडावरच होतं आणि लिंगावर टेकलेलं होतं. मी मोजलं. परत मोजलं. पाच.

तेवढ्यात फाटकावर हॉर्न वाजला. समिती दहाला येणार होती, ती साडेसातलाच हजर. सर गाडीतून ओरडले, "वृषाली, फाटक उघड! कलम कुठंय?"

"आहे सर," मी म्हटलं. "थांबा जरा. पूजा चालू आहे."

"कुणाची पूजा? किती वेळ?"

"वीस मिनिटं लागतात," मी म्हटलं, आणि किल्ली मुठीत घट्ट धरून कुलपासमोर उभी राहिले.